ग्वाडलकनालची जमीन कोणी साफ करायची?

९ मे २०२१, रविवार. प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांची, ग्वाडलकनाल बेटावर वसलेली राजधानी होनिआरा. एका घराच्या परसात काही मंडळी निधी जमवण्यासाठी जेवण रांधत होती. विस्तव जमिनीवरच पेटवला होता. नेमक्या त्याच जागी मातीखाली १०५ मिलिमीटरचा एक अमेरिकी तोफगोळा पडून होता. पाऊणशे वर्षं उलटून गेली तरी आतली दारू तशीच होती. वरून आच लागत गेली आणि गोळा फुटला. दोन जण प्राणाला मुकले.

तो गोळा ज्या युद्धात त्या बेटावर आला, ते दुसरं महायुद्ध या लोकांच्या आजोबा-पणजोबांच्या काळातलं. त्यांनी ते पुकारलं नव्हतं, त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. माझं म्हणणं सरळ आहे. ग्वाडलकनालच्या मातीत युद्धाचं जे काही उरलं आहे ते शोधून काढणं आणि निकामी करणं हे अमेरिका आणि जपानवरचं देणं आहे, आणि थोड्या वेगळ्या कारणानं ब्रिटनवरचंही. आज तिथं जे चाललं आहे त्याला मदत म्हणतात. मदत देणाऱ्याच्या मर्जीनं येते, मर्जीनं थांबते. देण्याचं तसं नसतं.

मी शाळेत असल्यापासून दुसऱ्या महायुद्धाच्या हकिकती वाचत आलो आहे. ग्वाडलकनाल हे नाव तेव्हापासून ओळखीचं. त्या बेटावर माणसं राहतात, त्यांची गावं आहेत, सुरणाच्या आणि रताळ्याच्या बागा आहेत, हे मात्र त्या हकिकतींतून मला कधी जाणवलं नव्हतं. जंगल, चिखल, डास, अमेरिकी मरीन आणि जपानी शिपाई एवढंच चित्र डोळ्यांपुढे असायचं. आता त्या चित्राची लाज वाटते. पण देणं कसं चढलं हे समजून घ्यायला त्या लढाईतच शिरावं लागतं, कारण आजचा धोका कुठे आणि का पुरलेला आहे याचं उत्तर तिच्यातच आहे.

१९४२च्या उन्हाळ्यात जपान्यांनी ग्वाडलकनालच्या उत्तर किनाऱ्यावर, लुंगा नदीजवळच्या सपाटीवर, एक धावपट्टी बांधायला घेतली. तिथून विमानं उडू लागली असती तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातली जहाजांची वाट धोक्यात आली असती. ७ ऑगस्टला सकाळी जनरल व्हँडेग्रिफ्ट यांच्या पहिल्या मरीन डिव्हिजनचे सुमारे ११,००० सैनिक त्या किनाऱ्यावर उतरले. त्याच दिवशी समोरच्या तुलागी बेटावरही हल्ला झाला. तुलागीत आणि शेजारच्या दोन चिमुकल्या बेटांवर कडवी झुंज झाली. ग्वाडलकनालवर उतरताना मात्र जवळपास विरोधच झाला नाही. जपानी बांधकामाचे लोक जंगलात पळून गेले होते. दुसऱ्या दिवशी धावपट्टी अमेरिकनांच्या हातात आली. मिडवेच्या लढाईत मारल्या गेलेल्या मेजर लॉफ्टन हेंडरसन यांचं नाव तिला दिलं गेलं.

किनाऱ्यावर तेव्हा सामानाचा नुसता ढीग पडला होता. जहाजांतून पेट्या उतरत होत्या आणि उचलून न्यायला पुरेशी माणसं नव्हती. तेवढ्यात ८ ऑगस्टच्या रात्री साव्हो बेटाजवळ जपानी आरमारानं अंधारात येऊन चार मोठ्या क्रूझर बुडवल्या, तीन अमेरिकी आणि एक ऑस्ट्रेलियन. मालवाहू जहाजं अर्धवट भरलेलीच परत निघून गेली. मरीन सैनिक किनाऱ्यावर एकटे पडले, आणि बेटासाठीची झुंज पुढे सहा महिने चालली. त्या सामुद्रधुनीच्या तळाशी इतकी जहाजं गेली की तिचं नावच लोखंडी तळाची सामुद्रधुनी असं पडलं. ती जहाजं, त्यांतलं तेल आणि दारूगोळा आजही तिथंच आहे.

जमिनीवरची लढाई धावपट्टीभोवतीच्या अगदी लहानशा टापूत घुमत राहिली. तिचा भूगोल एकदा समजला की बाकी बरंचसं समजतं. किनाऱ्याला नारळाच्या बागा, त्यामागे धावपट्टीची सपाटी, तिच्यामागे कुनाई गवतानं झाकलेल्या उघड्या टेकड्या, आणि टेकड्यांच्या घळींमध्ये दाट ओलं जंगल. सप्टेंबरमध्ये मेजर जनरल कावागुची यांची फौज या जंगलातून वाट काढत धावपट्टीच्या मागच्या टेकडीवर चालून आली. १२ ते १४ सप्टेंबरच्या रात्री कर्नल एडसन यांच्या तुकड्या मागे रेटल्या जात होत्या आणि त्यांच्या अगदी पुढ्यात अमेरिकी तोफा आग ओकत होत्या. एका रात्रीत १०५ मिलिमीटरचे सुमारे २,००० गोळे डागले गेले. ऑक्टोबरमध्ये, १३ तारखेच्या रात्री, 'कोंगो' आणि 'हारुना' या दोन जपानी युद्धनौकांनी किनाऱ्यासमोर येऊन धावपट्टीवर १४ इंची ९०० हून अधिक गोळे टाकले. चिखलात, शेवाळात, दलदलीत पडलेला प्रत्येक गोळा फुटतोच असं नाही. माती मऊ असली की टोकाला हवा तो धक्का बसत नाही आणि गोळा न फुटता खोल रुतून बसतो. त्याच महिन्यात मारुयामा यांची सेंदाई डिव्हिजन जंगलातून हातानं कापलेल्या पायवाटेनं आली. प्रत्येक शिपायाच्या पाठीवर स्वतःच्या ओझ्याशिवाय एकेक तोफगोळा होता. भुकेनं आणि हिवतापानं खंगलेल्या माणसांनी जड तोफा वाटेतच टाकून दिल्या. ते सगळं परत नेण्याचं त्राण कुणात उरलं होतं?

जपानी सैनिक या बेटाला उपासमारीचं बेट म्हणत. तीस हजारांहून जास्त माणसं तिथं उतरवली गेली, आणि १९४३च्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रात्री विनाशिका पाठवून जपाननं त्यांतली सुमारे १०,६०० परत नेली. बाकीचे तिथंच राहिले. त्यांतले कितीतरी गोळीनं मेलेच नाहीत. भूक, हगवण आणि मलेरियानं मेले. अमेरिकी बाजूला जमिनीवर सुमारे १,६०० सैनिक मारले गेले, समुद्रातले मृत्यू त्याहून कितीतरी जास्त. या माणसांच्या धैर्याबद्दल आणि यातनांबद्दल मनात आदर न ठेवता मला हे लिहिता येणार नाही. विशीतली पोरं होती ती, दोन्हीकडची.

पण त्या टापूत तिसरी माणसंही होती. जेकब व्हूझा हे पोलीस दलातून निवृत्त झालेले ग्वाडलकनालचे रहिवासी. ऑगस्टमध्ये टेहळणी करताना ते कर्नल इचिकी यांच्या तुकडीच्या हाती सापडले. त्यांच्याजवळ एक लहानसा अमेरिकी झेंडा मिळाला. जपान्यांनी त्यांना झाडाला बांधलं, चौकशी केली, संगिनीनं भोसकलं आणि मेले असं समजून सोडून दिलं. व्हूझा दातांनी दोर कुरतडून सुटले, रक्तबंबाळ अवस्थेत मरीन सैनिकांच्या ठाण्यापर्यंत पोचले आणि हल्ला येतो आहे हे सांगितलं. २१ ऑगस्टच्या पहाटे इचिकींची सुमारे ९०० माणसं चालून आली, त्यांतली बहुतेक एका ओहोळाच्या काठीच पडली. व्हूझांना पदकं मिळाली, १९७९ साली 'सर' हा किताब मिळाला. ते मिळायलाच हवं होतं. पण त्यांच्यासारखे किती तरी टेहळे, वाटाडे, जखमींना खांद्यावरून वाहून आणणारे होते, आणि हजारो बेटवासी मजूर दलात जहाजांतला माल उतरवत होते. त्यांची मजुरी महिन्याला एक पौंड. अमेरिकी अधिकारी जास्त द्यायला तयार होते, पण मजुरीचे दर बिघडतील म्हणून ब्रिटिश प्रशासनानं ते होऊ दिलं नाही. ज्या पेट्यांतला दारूगोळा पुढे त्यांच्या नातवंडांच्या परसात निघाला, त्या पेट्या याच हातांनी उतरवल्या होत्या.

मलैता बेटावरच्या लोकांनी या अनुभवातून मासिना रुरू ही चळवळ उभी केली, कर भरायला नकार दिला, आपल्या पंचायती आपण चालवल्या. ब्रिटिशांनी त्यांतल्या हजारोंना तुरुंगात टाकलं. हा इतिहास वाचताना महाराष्ट्रातल्या वाचकाला साताऱ्याचं प्रतिसरकार आठवल्याशिवाय राहणार नाही. काळही तोच, सत्ताही तीच.

लढाई संपली त्यानंतर जे घडलं ते या लेखाच्या दृष्टीनं लढाईहून महत्त्वाचं आहे. पुढच्या मोहिमांसाठी अमेरिकेनं ग्वाडलकनालचा प्रचंड लष्करी तळ केला. गोदामं, इस्पितळं, रस्ते, दारूगोळ्याची कोठारं. होनिआराच्या पूर्वेला हेल्स पॉइंट नावाच्या ठिकाणच्या कोठाराला १९४३च्या नोव्हेंबरमध्ये आग लागली, स्फोटांमागून स्फोट झाले आणि आसपासच्या भागात गोळे विखुरले गेले. ही शत्रूची करणी नव्हती. महायुद्ध संपल्यावर तळ आवरता घेतला गेला, पण सगळा दारूगोळा परत नेला गेला नाही. काही पुरला गेला, काही समुद्रात लोटला गेला, काही जिथं होता तिथंच राहिला.

आणि मग त्याच जागेवर राजधानी वसली. जुनी राजधानी तुलागी लढाईत उद्ध्वस्त झाली होती. ब्रिटिश प्रशासनाला तयार रस्ते, तयार पत्र्याच्या बराकी आणि तयार धावपट्टी अमेरिकी तळावर आयती मिळाली. त्या तळाचं होनिआरा झालं. म्हणून सॉलोमन बेटांचा हा प्रश्न दूर जंगलातला राहिलेला नाही. तो शाळेच्या मैदानात आहे, घराच्या पायाच्या खड्ड्यात आहे, चुलीखाली आहे. जमीन नीट तपासून न घेता तिच्यावर शहर वसवणारं सरकार ब्रिटनचं होतं आणि १९७८च्या जुलैमध्ये स्वातंत्र्य देईपर्यंत ते तिथं होतं. ब्रिटनचं देणं मी वेगळ्या कारणानं म्हटलं ते यामुळे.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की आक्रमण जपाननं केलं, अमेरिका तर बेटं सोडवायला आली होती. सोडवणाऱ्याकडे भरपाई कसली मागायची? आक्षेपातला पहिला भाग मला मान्य आहे. जपानी लष्करशाहीनं आशियात जे केलं त्याच्याशी अमेरिकी मरीन सैनिकांची बरोबरी मी कधीही करणार नाही. आपल्या माणसांनीही ते भोगलं आहे. सिंगापूर पडल्यावर कैद झालेले हजारो हिंदी सैनिक याच समुद्रातून न्यू ब्रिटन आणि न्यू गिनीला वेठबिगारीसाठी नेले गेले, आणि राबाउलजवळच्या बिटा पाका इथल्या युद्धस्मशानात त्यांतल्या शेकडो जणांची शेवटची जागा आहे. पण लढताना डागलेला गोळा आणि लढाई संपल्यावर शांतपणे मागे ठेवलेलं कोठार यांत फरक आहे. १९४५ साली ग्वाडलकनालवर कुठलाही शत्रू उरला नव्हता. तेव्हा दारूगोळा न उचलणं हा खर्च आणि सोय पाहून घेतलेला निर्णय होता. त्याची किंमत ज्यांनी निर्णय घेतला त्यांनी भरली नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा. युद्धात न फुटता राहिलेल्या स्फोटकांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार २००३ साली झाला आणि २००६ पासून लागू झाला. ज्यानं स्फोटकं वापरली त्यानं ती साफ करायला मदत करावी, हे तत्त्व त्यात आहे. अमेरिकेनं तो स्वीकारला आहे, भारतानंही स्वीकारला आहे. पण वापरणाऱ्याची ही जबाबदारी पुढच्या युद्धांपुरती आहे. आधीच्या स्फोटकांबद्दल त्यात फक्त मदत मागण्याचा हक्क आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी ती द्यावी असं सैलसं कलम आहे. म्हणजे कायद्याच्या अक्षरावर बोट ठेवलं तर १९४२चा गोळा निसटतो.

पण जगानं असं अक्षरावर बोट ठेवून नेहमी हात झटकले आहेत का? जपाननं चीनमध्ये महायुद्धात टाकून दिलेली रासायनिक अस्त्रं घ्या. रासायनिक अस्त्रबंदीच्या कराराखाली ती नष्ट करण्याची जबाबदारी जपाननं स्वीकारली आहे, १९९९ साली चीनशी लेखी समझोता केला आहे, आणि जिलिन प्रांतातल्या हार्बालिंगसारख्या ठिकाणी जपानच्या पैशानं हे काम चालू आहे. युद्ध तेच, देश तोच, सोडून गेलेला माल त्याच काळातला. फरक इतकाच की समोर चीनसारखा बलाढ्य देश होता. लाओसवर अमेरिकेनं १९६४ ते १९७३ या काळात वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. २०१६ साली अध्यक्ष ओबामा तिथं गेले तेव्हा अमेरिकेची नैतिक जबाबदारी असल्याचं त्यांनी मान्य केलं आणि तीन वर्षांसाठी ९ कोटी डॉलर जाहीर केले. ते पुरेसे नव्हते हे खरं, पण जबाबदारी हा शब्द उच्चारला गेला.

आणि मुंबईचंच उदाहरण आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या बोटीवर आग लागली. बोटीत कापूस होता आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं. दोन स्फोटांत गोदी आणि भोवतीच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या, शेकडो माणसं मेली, ६६ अग्निशामक जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. मुंबईवर कुणी हल्ला केला नव्हता. युद्धासाठी आणलेला माल शहराच्या उंबऱ्यावर फुटला होता. त्या वेळच्या परक्या, वसाहतवादी सरकारनंसुद्धा जबाबदारी मान्य केली आणि ज्यांची मालमत्ता गेली त्यांना भरपाई दिली. जे १९४४ साली मुंबईत परक्या सरकारला समजलं, ते होनिआराच्या बाबतीत आज तीन श्रीमंत लोकशाही देशांना समजू नये याचं मला मनापासून दुःख होतं.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो मी गंभीरपणे घेतो. उद्या जर्मनीही म्हणेल की आमच्या शहरांखालचे ब्रिटिश आणि अमेरिकी बॉम्ब काढून द्या. २०१७ साली फ्रँकफर्टमध्ये एकाच ब्रिटिश बॉम्बसाठी सुमारे ६०,००० लोकांना घरं सोडावी लागली होती. जपानच्या ओकिनावात आजही बॉम्ब निघतात. मग हे कुठे थांबायचं? मला वाटतं, दोन गोष्टी पाहाव्यात. तो देश स्वतः त्या युद्धात उतरला होता का? आणि आज त्याला स्वतःची जमीन साफ करण्याची ऐपत आहे का? जर्मनी आणि जपान युद्ध पुकारणारे देश, आणि दोघांकडेही उत्तम यंत्रणा आहे. सॉलोमन बेटांबाबत दोन्ही प्रश्नांची उत्तरं उलट येतात. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ असं आपण म्हणतो. इथं तिसऱ्याच्या वाट्याला फक्त नुकसान आलं.

तिथलं पोलिसांचं बॉम्बपथक छोटं आहे, पण काम मोठ्या निष्ठेनं करतं. अमेरिका त्यांना प्रशिक्षण देते. ऑस्ट्रेलियाचं लष्कर अधूनमधून मोहीम काढून गोळे निकामी करून जातं. या कामाचं मोल मी कमी लेखत नाही. त्यात जीव गेले आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये होनिआरात एका नॉर्वेजियन संस्थेचे दोन कर्मचारी, एक ब्रिटिश आणि एक ऑस्ट्रेलियन, स्फोटात मरण पावले. देशात कुठे काय पुरलेलं आहे याची नोंद तयार करण्याचं काम ते अमेरिकेच्या पैशावर करत होते. त्यानंतर त्या संस्थेनं तिथलं काम थांबवलं. एका देशाची जमीन सुरक्षित आहे की नाही हे एका संस्थेच्या एका प्रकल्पावर टांगलेलं असावं, इथंच सगळा घोटाळा आहे.

मोठ्या देशांचं लक्ष तिथं कधी वळतं तेही पाहिलं पाहिजे. अमेरिकेनं होनिआरातला दूतावास १९९३ साली बंद केला. २०१९ साली सॉलोमन सरकारनं तैवानऐवजी चीनला मान्यता दिली, २०२२च्या एप्रिलमध्ये चीनशी सुरक्षा करार केला. त्यानंतर त्याच वर्षी लढाईच्या ऐंशीव्या वर्षदिनाला अमेरिकेचे बडे प्रतिनिधी आले, आणि २०२३च्या फेब्रुवारीत दूतावास पुन्हा उघडला. जपानही आपल्या मृत सैनिकांच्या अस्थी शोधायला पथकं पाठवत आला आहे. टेकडीवर अमेरिकेचं स्मारक आहे, दुसऱ्या टेकडीवर जपानचं. दोन्ही देशांना आपले मेलेले आठवतात, आणि आठवायलाच हवेत. अस्थी शोधण्यासाठी जी माती खणली जाते, तिच्यात गोळेही आहेत. ते काढायला तेवढीच तळमळ का नसावी?

मागणी अगदी ठोस करता येते. अमेरिका, जपान आणि ब्रिटननं मिळून एक कायमस्वरूपी निधी उभारावा, वर्षावर्षाच्या अनुदानावर न चालणारा, आणि त्याचा कारभार होनिआरातल्या सरकारकडे असावा. कुठं आधी खणायचं हे तिथल्या लोकांनी ठरवावं. शाळा आणि वस्त्या आधी. जखमींना आणि मृतांच्या कुटुंबांना भरपाई याच निधीतून मिळावी. पोरं जुन्या गोळ्यांतली दारू काढून मासेमारीसाठी बॉम्ब बनवतात आणि हातपाय गमावतात. त्यांचाही यात विचार व्हावा, त्यांना गुन्हेगार ठरवून प्रश्न मिटत नाही. आणि पहिल्याच दिवशी, एक पैसाही न खर्चता होण्यासारखं एक काम आहे. अमेरिकी लष्कर हिशेबाला पक्कं होतं. कुठल्या कोठारात काय होतं, तोफा कुठे मांडल्या होत्या, कुठला माल कुठे पाठवला, याचे कागद आणि नकाशे त्यांच्या अभिलेखागारांत आहेत. ते शोधून, एकत्र करून होनिआराच्या बॉम्बपथकाच्या हातात द्यावेत.

त्या परसातला तो १०५ मिलिमीटरचा गोळा सप्टेंबरच्या त्या रात्री डागलेल्या २,०००पैकी होता, की पुढे एखाद्या कोठारातून तिथं येऊन पडला, हे आता सांगता येणार नाही. होनिआराचे पोलीस लोकांना सांगतात की बाहेर रांधायचं असेल तर विस्तव थेट जमिनीवर पेटवू नका, जमिनीपासून उंच ठेवा.